एंटर अ नंबर, आबा!

बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात "केवढ्याला?" या प्रश्नाला थेट आकडा सांगणारा माणूस एकतर पहिल्यांदाच बाजारात आलेला असतो, नाहीतर त्याला शेवटची एसटी गाठायची असते. बाकी सगळे प्रश्नाला प्रश्न लावतात. "पाव्हणं कुठलं?" "शेतीला पायजे का शर्यतीला?" "आधी चालवून तर बघा." बैलाचं वय विचारलं तर वर्षं कुणी सांगत नाही. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला, असं दातांच्या हिशेबात उत्तर येतं आणि ते खरं की खोटं हे जबडा उघडून ज्याचं त्यानं बघायचं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून पळणाऱ्या बैलाची किंमत विचारणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा समजला जातो.

याच गावाच्या अंगाला, बांगरवाडीत, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सोमवारी आळेफाट्याकडून येणाऱ्या गाडीतून काही माणसं दावणीकडे वळतात आणि काही पोरं पाठीला सॅक लावून कॉलेजकडे. तिकडे पहिल्या वर्षाच्या पहिल्या धड्यात पोरांना शिकवतात की यंत्रानं 'एंटर अ नंबर' म्हणायचं आणि समोरच्या माणसानं नंबर द्यायचा. ज्यानं कुणी हा धडा लिहिला त्याची आणि बेल्ह्याची गाठ पडलेली नव्हती. त्यापेक्षा आमच्याच तालुक्यातली खोडदची रेडिओ दुर्बीण शहाणी. तिच्या ३० डिशा आभाळातून येईल ते मुकाट ऐकत बसतात, कुणाला काही विचारत नाहीत. म्हणून त्यांचं बरं चाललंय.

आमचा पुतण्या इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज कुठलं ते सांगत नाही, त्याचा निकाल अजून लागायचाय. त्यानं मिनी प्रोजेक्टला विषय घेतला 'बाजाराची नोंदवही'. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि पाच प्रश्न: नाव, वय, गाव, बैल किती, जमीन किती. चाचणीसाठी माणूस घरातलाच धरला. आमचे आबा, म्हणजे माझे वडील आणि त्याचे आजोबा. उभी हयात बैलबाजारात गेलेली. पुतण्यानं नियम केला की आबा जे बोलतील ते अक्षर न बदलता टाइप करायचं. मी प्रोग्रामिंगच्या धंद्यावर पोट भरतो, म्हणून मला पंच म्हणून बसवलं. आबांनी प्रोग्राम पाडला की पुतण्या तो दुसऱ्या भाषेत लिहून आणायचा. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. प्रोग्रामिंगच्या भाषेचा स्वभाव जाणून घ्यायचा तर तिचं व्याकरण बघत बसू नये. विचारलं एक आणि उत्तर भलतंच आलं तर ती काय करते, तेवढं बघावं.

पहिला मान सीचा. ही डेनिस रिची यांची १९७२ ची निर्मिती, म्हणजे ऐन दुष्काळातला जन्म, त्यामुळे काटकसर हाडात मुरलेली. ती नाव विचारते आणि पहिली मोकळी जागा दिसली की ऐकणं थांबवते. आबांनी रीतसर सांगितलं: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सीच्या 'स्कॅनएफ'नं पहिला शब्द आत घेतला आणि उरलेले दोन दारात उभे ठेवले. मग 'वय?' उमटलं. उत्तराला थांबायचं कारणच नव्हतं, दारात आमचे आजोबा उभे होते. वयाला आकडा हवा आणि आजोबा काही आकडा नव्हते, म्हणून ते तिथेच राहिले. पुढे 'गाव?' आलं, तिथे आजोबा आत शिरले. 'बैल किती?' आणि 'जमीन किती?' या दोघांना आडनाव आडवं आलं. आबांनी एकदा तोंड उघडलं तेवढ्यात पाचही प्रश्न संपले. वय पडलं ३२७६४, कारण त्या जागी आधीपासून जो कचरा होता तोच सीनं वय म्हणून दाखवला. चूक झाली असं अवाक्षर नाही.

आबांनी आकडा डोळ्यांजवळ नेऊन वाचला. "येवढं न्हाय," ते म्हणाले, "पण दाढा गेल्यात खऱ्या."

पुतण्यानं डागडुजी केली. मग गावाच्या नावाची पंचाईत झाली. त्यानं गावासाठी दहा खण राखले होते. बेल्हे म्हणजे दोन अक्षरं, दहा म्हणजे चंगळच. पण यंत्राच्या लेखी ब, एक मात्रा, ल, पाय मोडणारा हलन्त, ह, आणखी एक मात्रा अशी ही सहा चिन्हं होतात, आणि सध्याच्या प्रचलित साठवणीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन तीन बाइट लागतात. झाले १८. दहाच्या खणात अठरा बाइट घातल्यावर उरलेलं गाव शेजारच्या बैलांच्या आकड्यात सांडलं. गावाची हद्द वाढली की शेजाऱ्याच्या बांधावरच जाते, यात आबांना काहीच नवल वाटलं नाही.

सांडण्यावरून आठवलं. सीमध्ये 'गेट्स' नावाचं एक फंक्शन होतं. ते अख्खी ओळ आत घ्यायचं आणि आत मावतंय का हे बघायची तसदी कधी घ्यायचं नाही. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्यानं सोडलेला 'वर्म' इंटरनेटवर पसरला तो ज्या वाटांनी, त्यांतली एक हीच. ५१२ बाइटांच्या जागेत त्याहून लांब ओळ कोंबायची आणि यंत्राचा ताबा घ्यायचा. हजारो यंत्रं आडवी झाली. तरी गेट्सला मानकातून बाहेर काढायला २०११ साल उजाडलं. अभ्यासक्रमातून काढायला किती लागेल ते विद्यापीठांना विचारा.

सीच्या बाबतीत आणखी एक गंमत. एंटर हेही तिच्या लेखी एक अक्षरच. आकडा विचारला, आबांनी ५ म्हटलं, पुतण्यानं ५ टाइप करून एंटर मारलं. सीनं ५ उचलला आणि एंटर तिथेच पडू दिला. पुढचा प्रश्न 'बैल विकायचा का, ह की न?' त्याचं उत्तर म्हणून तिनं तो शिळा एंटर उचलला. आबा तोंड उघडायच्या आत व्यवहार पूर्ण! यावर प्रयोगशाळेत 'एफफ्लश एसटीडीइन' नावाचा अंगारा पिढ्यान्‌पिढ्या लावतात. सीच्या मानकानं तो चालेलच अशी हमी कधीही दिलेली नाही. पण सीनियरच्या जर्नलमध्ये असतो म्हणून ज्युनियरच्या जर्नलमध्ये येतो. आणि शेवटी 'गेटसीएच'. टर्बो सीच्या निळ्या पडद्यासमोर शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. उत्तर दिसता क्षणी गायब होऊ नये म्हणून प्रोग्राम एका बटनाची वाट बघतो आणि ते बटन दाबलं की ते फेकून देतो. 'पुढे जाण्यासाठी कुठलंही बटन दाबा' हे वाचून आबांनी लॅपटॉप बंद करायचं बटन दाबलं. त्यांचं काय चुकलं ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

पुतण्या सी प्लस प्लसकडे वळला. 'वय?' आलं. आबांचं लक्ष तोवर खिडकीतून दिसणाऱ्या एका खोंडाकडे गेलं होतं. ते म्हणाले, "सहादाती." पुतण्यानं नियमाप्रमाणे 'सहादाती' टाइप केलं. 'सीइन'ला आकडा हवा होता, शब्द गिळता येईना आणि थुंकताही येईना. पुतण्यानं तर लिहून ठेवलं होतं, आकडा मिळेपर्यंत विचारत राहायचं. वय? वय? वय? वय? पडदा भरून वाहायला लागला. कंट्रोल आणि सी एकदम दाबून त्याला गप्प करेपर्यंत आबा उठून ओसरीवर गेले होते. "येवढी घाई असलेल्याशी सौदा करू नये," एवढंच त्यांनी तिथून सांगितलं.

त्या मानानं आमच्या काळातली बेसिक सभ्य. नुसतं प्रश्नचिन्ह टाकून गप्प बसायची आणि चुकीचं उत्तर आलं की म्हणायची, 'रिडू फ्रॉम स्टार्ट', पहिल्यापासून सांगा. नेमकं काय चुकलं ते मात्र सांगायची नाही. पुढे अनेक कचेऱ्यांच्या खिडक्यांवर मला तिची आठवण येत राहिली.

पायथन गोडबोली. काहीही सांगा, ती "बरं" म्हणून लिहून घेते. आत गेलेलं सगळं तिच्या लेखी मजकूरच, मग तो आकडा का असेना. ५ आणि ५ ची बेरीज मागितली तर ५५ सांगते. हे बघून आबा पहिल्यांदा सावरून बसले. "ही बाजारात चालंल," म्हणाले. मजकुराचा आकडा करून घ्या असं तिला वेगळं सांगावं लागतं, आणि गोडवा संपतो तो तिथेच. 'बैल किती?' ला आबा म्हणाले, "दीड."

"आबा, बैल दीड कसा असेल?"

"आरं, एक घरचा. दुसरा भावकीत सामाईक. झालं की दीड!"

पायथननं लाल अक्षरांत ओळींमागून ओळी ओकल्या. अर्थ एवढाच की दहाच्या पायावरच्या पूर्णांकात 'दीड' बसत नाही. "दीड न्हाय कळत?" आबा म्हणाले. "मग अडीच, पावणेदोन, सव्वा, ह्यातलं कायच न्हाय कळत? आन तू त्याला शहाणं म्हन्तो?" मला वाटतं, जगातल्या कुठल्याही भाषेच्या मानकसमितीवर एक बेल्ह्याचा माणूस असता तर 'सव्वा' हा डेटाटाइप कधीच आला असता.

जुन्या पायथनमध्ये, म्हणजे २००८ च्या अखेरीस तिसरी आवृत्ती येण्यापूर्वी, उलटा प्रकार होता. तिथलं 'इनपुट' तुम्ही टाइप केलेलं प्रोग्राम समजून चालवायचंच. 'मनातला आकडा ओळखा' असा खेळ असला आणि ज्या नावाखाली आकडा लपवलाय ते नाव उत्तर म्हणून टाइप केलं की तुम्ही जिंकलात. विचारणाऱ्याचं गुपित त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. बाजारातल्या हेडी लोकांचा, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्यांचा, धंदा दुसरा काय असतो?

एका बाबतीत मात्र पायथननं मान राखला. पुतण्यानं मराठी कळफलक चालूच ठेवला होता. आबांनी सांगितलेले १२ त्यानं देवनागरीत मारले, आणि पायथननं ते मुकाट्यानं बारा म्हणून घेतले. जावाही घेते. जावास्क्रिप्टला देवनागरी १२ दिला तर ती 'हा आकडाच नव्हे' असं लेखी देते. सीला तर त्यात अंक दिसतच नाही. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते नाणेघाटावर गेले, म्हणजे बोलण्यात. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या शिलालेखात कुठल्या यज्ञाला किती गाई आणि किती नाणी दान दिली ते अंकांत कोरून ठेवलंय. दोन हजार वर्षांपूर्वीची ही आमच्या तालुक्यातली गुरांची नोंदवही. एवढ्या जुन्या गिऱ्हाइकाला 'तुमचे अंक चालत नाहीत' म्हणणं बरं दिसत नाही.

जावाचं काय सांगावं! साधं नाव विचारायचं तर बफर्डरीडर, त्याच्या पोटात इनपुटस्ट्रीमरीडर, त्याच्याही पोटात सिस्टिम डॉट इन, आणि एवढं मांडून झाल्यावर 'यात संकट येऊ शकतं' असं दाराबाहेर आगाऊ जाहीर करायचं. लग्नपत्रिकेतसुद्धा एवढी नावं नसतात. २००४ साली 'स्कॅनर' आला, तरी आकड्यानंतर ओळ मागितली की तोच शिळा एंटर गिळायची खोड राहिलीच. शेवटी सप्टेंबर २०२५ च्या जावा २५ मध्ये एका शब्दात ओळ वाचायची सोय झाली. जावा जगापुढे आली १९९५ ला. 'तुमचं नाव काय?' हा प्रश्न सरळ विचारायला तीस वर्षं लागली. आमच्याकडे सोयरीक जुळवणारेसुद्धा एवढा वेळ घेत नाहीत.

रस्ट कमालीची संशयी. प्रत्येक उत्तराबरोबर 'आणि हे चुकीचं निघालं तर?' याचा बंदोबस्त लिहून घेतल्याशिवाय ती आकडा हातात देत नाही. हास्केल सोवळ्यातली; बाहेरून आलेलं उत्तर ती वेगळ्या भांड्यात ठेवते आणि आतल्या शुद्ध गणिताला त्याचा विटाळ होऊ देत नाही. प्रोलॉग विद्वान, पण तिला उत्तराच्या शेवटी पूर्णविराम लागतो. तो येईपर्यंत ती वाट बघते. आबांच्या बोलण्यात स्वल्पविरामच फार. बहुतेक ती अजून वाट बघत असेल.

आबांना मनापासून आवडली ती नोडवरची जावास्क्रिप्ट. ती प्रश्न विचारते आणि उत्तराला न थांबता पुढच्या कामाला लागते. उत्तर आलं की बघू. त्यामुळे 'बैल किती?' उमटलं, त्याच्या खालोखाल 'नोंद झाली, धन्यवाद' उमटलं, आणि मग कर्सर लुकलुकत उत्तराची वाट बघायला लागला. पुतण्या कपाळाला हात लावून बसला. आबा म्हणाले, "हिला कळतंय. आधी पावती फाडायची, मग बैल मोजायचे."

त्या रात्री पुतण्यानं पासवर्ड बसवला. नोंदवहीत किमती असणार, त्या कुणी बघू नयेत. काळ्या पडद्यावर पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. नवा माणूस हमखास कळफलक बिघडला म्हणून उठतो. खरं तर आपण दाबलेलं अक्षर पडद्यावर दिसतं ते कळफलकामुळे नव्हे. अक्षर आधी यंत्राकडे जातं, आणि यंत्र त्याचा प्रतिध्वनी आपल्याला परत पाठवतं. तारायंत्रासारखे खडखडणारे टेलिटाइप होते तेव्हापासूनची ही रीत. पासवर्डाच्या वेळी यंत्र तो प्रतिध्वनी तेवढा बंद करतं. ऐकतं सगळं, बोलत नाही.

हे आबांना समजावून सांगायची तयारी करून मी बसलो होतो. गरज पडली नाही. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, पुतण्याचा उजवा हात ओढला, त्यावर टॉवेल टाकला आणि आतून त्याची बोटं दाबली. बैलबाजारातला जुना सौदा हा असा होतो. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात फडक्याखाली, एक बोट म्हणजे एक, मूठभर बोटं म्हणजे पाच. ते शेकडे की हजार, हे दोघांना बैलाकडे बघून आधीच माहीत. भोवती बघ्यांचं कडं. त्यांना दिसतात ती फक्त दोन कोपरं आणि दोन निर्विकार चेहरे. तोंडानं चाललेलं असतं, "जमत न्हाय बुवा," आणि बोटं तिकडे दोन हजारांनी वर गेलेली असतात. एखादा आकडा नाही पटला तर बोट झटकून टाकायचं. कुणापुढं कुणाचं हसं होत नाही, आणि शेजारच्या दावणीचा भावही फुटत नाही.

"कळलं का किती?" आबांनी विचारलं.

"साडेतीन?" पुतण्या म्हणाला.

"येडा! आरं, अर्धं बोट कुठं दाबलं मी? पस्तीस!"

म्हणजे तिथेही शेवटी डेटाटाइपच चुकला.

खरा घोळ पाचव्या प्रश्नात निघाला आणि त्यात कुठलीच भाषा ओरडली नाही. 'जमीन किती?' आबा म्हणाले, "दोन पॉइंट तीस." पुतण्यानं २.३० मारलं. सी खूश, पायथन खूश, जावा खूश. दशांश अपूर्णांक, कुणालाच काही अडचण नाही. पण आबांच्या दोन पॉइंट तीसचा अर्थ दोन एकर तीस गुंठे, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणजे पावणेतीन एकर. यंत्रानं घेतलं दोन पूर्णांक तीन दशांश. पाऊण एकराची राखण करण्यात ज्या भावकीची हयात गेली, तिची अठरा गुंठे जमीन एका एंटरमध्ये गेली आणि पडद्यावर लाल अक्षर एकही नाही. ज्या पायथननं 'दीड' वरून एवढा थयथयाट केला तिनं हे हसत लिहून घेतलं. पुतण्यानं मग एकर वेगळा आणि गुंठे वेगळे असे दोन प्रश्न केले, चाळीसला हातचा घेणारं गणित लिहिलं, आणि तो परीक्षेला गेला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर वयस्क होते. त्यांनी प्रोग्राम चाळला आणि विचारलं, "जमिनीला सरळ फ्लोट का नाही घेतलास? दोन प्रश्न कशाला?" पुतण्यानं गुंठ्यांचं सांगितलं. सर गप्प झाले. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"बरं, दोन पॉइंट तीस आणि एक पॉइंट वीस टाक त्यात."

पुतण्यानं टाकले. पडद्यावर आलं: चार एकर दहा गुंठे.

सरांनी चष्मा काढला. "आमच्या थोरल्यानं कॅल्क्युलेटरवर करून मला साडेतीन सांगितलंय," ते म्हणाले आणि मोबाइल घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. मागे रांगेत उभ्या पोरांना आतून एवढंच ऐकू आलं, "हॅलो, दादा? जरा बस खाली. तीस गुंठ्यांचं बोलायचंय."